शेपूट येईपर्यंत

माझ्या भावाला रस्त्यांचं वेड आहे. माणसांची त्याला फारशी गरज पडत नाही. हे माझं त्याच्या तोंडावर सांगून झालंय, तेव्हा इथे सांगायला माझी जीभ झडणार नाही. त्याच्या बैठकीच्या खोलीत एकदा जाऊन बघा. एक अख्खी भिंत नुसत्या रस्त्यांच्या फोटोंनी भरलीय. समुद्रात बेटांवरून उड्या मारत गेलेला एक. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या असलेला दुसरा. कड्याच्या पोटात कोरलेला, जिथे चाक वीतभर चुकलं की थेट नदीत, असा तिसरा. प्रत्येक फोटोत दादा, काखेत हेल्मेट आणि शेजारी मोटरसायकल. आईबाबांचा फोटो आतल्या खोलीत आहे, कपाटाच्या आडोशाला.

दादाचा एक कंपू आहे. दातांचा डॉक्टर, वकील, आणखी पाचसहा जण, सगळे पन्नाशीच्या आगेमागे, सगळ्यांची पोटं जॅकेटात मावेनाशी झालेली. दर उन्हाळ्यात ते कुठल्यातरी लांबच्या देशात जातात, तिथे मोटरसायकली भाड्याने घेतात आणि एखादा अवघड रस्ता पालथा घालून येतात. कोणाला न्यायचं ते दादा ठरवतो. त्याने हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की माणूस वर्षभर तोंड पाडून हिंडतो.

आणि माझ्या नवऱ्याला त्या कंपूत जायचं होतं. एवढंच हवं होतं त्याला आयुष्यात.

माझा नवरा चष्म्याची भिंगं घासतो. आमचं दुकान आहे, पुढे मी गिऱ्हाईक बघते, मागे तो मशीनवर असतो. चाळिशी उलटेपर्यंत त्याने सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. पण माझ्या माहेरी जेवायला बसलं की रस्त्यांशिवाय विषय निघायचा नाही आणि ह्याला कोणी काही विचारायचं नाही. विचारलंच तर दादा विचारणार, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, की काय जावईबापू, तुम्ही जग भिंगातूनच बघणार का. सगळे हसायचे. हाही हसायचा, आणि घरी आल्यावर बराच वेळ कपडे न बदलता बसून राहायचा.

मग एक दिवस ह्याने लायसन्स काढलं. जुनी मोटरसायकल आणली. दुकान बंद असलं की बाजारामागच्या मोकळ्या जागेत विटा मांडायचा आणि त्यांच्यामधून आठ काढत बसायचा. गाडी अंगावर पडायची. पोटरीला सायलेन्सरचा चटका बसून फोड आला, तो मी रोज बांधत होते. मी म्हटलं, कशाला हे नसते उपद्व्याप, त्यांच्या नादाला लागून हातपाय मोडून घेशील. त्यावर म्हणाला, एकदा त्यांच्याबरोबर जाऊन आलो की बस, मग गाडी विकून टाकेन. दोन वर्षं घातली त्याने त्यात. शेवटी दादाने त्याला आसपासच्या फेऱ्यांना बरोबर घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी माझा नवरा दुकानात शीळ घालत होता.

आता त्यांची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. पुढे दादा असतो आणि तो मागे वळून बघत नाही. रस्ता जिथे फुटतो तिथे दादाच्या मागे जो असेल त्याने थांबायचं, कोपऱ्यावर उभं राहायचं आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला हाताने वाट दाखवायची. सगळ्यात शेवटी जो असतो त्याला शेपूट म्हणतात. शेपूट आलं की समजायचं मागे कोणी उरलं नाही, आणि मगच कोपरा सोडायचा. तोवर पाऊस येवो, आग लागो, हलायचं नाही. रीत चांगलीच आहे, मी नावं ठेवणार नाही. कोणी चुकत नाही, कोणाला कोणाची वाट बघत फोन करत बसावं लागत नाही.

शेपूट म्हणजे कायम माझी वहिनी. दादापेक्षा गाडी चांगली चालवते, हे त्यालाही माहीत आहे आणि म्हणूनच तो तिला मागे ठेवतो. कोपऱ्यावर उभं राहायचं काम खरं तर आळीपाळीने. पण दादा प्रत्येक फाट्याच्या आधी हात हलवून माझ्या नवऱ्याला पुढे बोलवायचा, म्हणजे तोच दुसरा, म्हणजे उभं राहायला तोच. दिवसभर हा आपला कोपऱ्याकोपऱ्यावर उभा. त्यांनी त्याचं नाव खांब ठेवलं होतं. मी चिडले तर मलाच म्हणाला, अगं, विश्वासाचं काम आहे ते, कोणालाही देत नाहीत.

त्या दिवशी खिंडीत जायचं होतं. पुढच्या उन्हाळ्यात जगातल्या कुठल्याशा उंच रस्त्यावर जायचा बेत होता, एक जागा रिकामी होती, आणि दादा म्हणाला होता की वर जेवताना सांगतो. मी सामानाची जीप घेऊन सकाळीच पुढे गेले, टेबलं धरायला. खिंडीच्या माथ्यावर एक खानावळ आहे, तिन्ही बाजूंनी काचा. खाली बघितलं की रस्ता वळणावळणांनी चढताना दिसतो आणि पार तळाशी तो फाटा दिसतो जिथून एक रस्ता धरणाकडे जातो आणि एक वर येतो.

दुपारच्या सुमाराला गाड्या आल्या. माझा नवरा नव्हता, वहिनी नव्हती. मला काही वाटलं नाही. शेपूट शेवटी, आणि ज्याला फाट्यावर उभं केलं तो तिच्यासोबत, असंच असतं. पण ही मंडळी हेल्मेटं काढतानाच एकमेकांच्या पाठीत थापा मारत होती. दातांच्या डॉक्टरला तर हसून ठसका लागला.

मग दादाने सांगितलं. त्याला वाटलं मलाही गंमत वाटेल. त्यांनी खांबाला फाट्यावर उभं केलं होतं आणि वहिनीला सांगितलं होतं की तू फाट्यापर्यंत येऊच नकोस, अलीकडूनच जुन्या रस्त्याला लाग. हा जुना रस्ता दरीच्या पलीकडच्या अंगाने वर येतो. दरड पडल्यापासून मोटारींना बंद आहे, मोटरसायकल कशीबशी निघते. म्हणजे शेपूट त्या कोपऱ्यावर कधीच पोचणार नाही, आणि खांब किती वेळ उभा राहतो ते आपण वरून जेवता जेवता बघायचं. वहिनीही हसत हसत तयार झाली होती, हेही त्याने सांगितलं. वकिलाकडे पक्षी बघायची दुर्बीण होती. ती हातोहात फिरत होती. मीही डोळ्याला लावली. खाली भगवं जॅकेट दिसलं, रस्त्याच्या कडेला, सरळ उभं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, लाज वाटत नाही का तुम्हाला, आणि टेबलावरची जीपची किल्ली उचलायला गेले. डॉक्टरने ती माझ्या आधी उचलली. मी त्याच्याकडे वळले तर त्याने ती पलीकडे फेकली. तिसऱ्याने झेलली, चौथ्याकडे टाकली. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, दुकान चालवते, आणि ते माझ्या डोक्यावरून किल्ली फेकत खेळत होते. शेवटी ती दादाच्या खिशात गेली. तो म्हणाला, बस गं, दहा मिनिटांत तो स्वतःच येईल.

तो आला नाही. त्याचा फोन आला. दादाने स्पीकर लावला आणि तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. माझ्या नवऱ्याने विचारलं की शेपूट अजून आलं नाही, थांबू ना. दादा गंभीर आवाजात म्हणाला, थांब, येईल. फोन ठेवला आणि टेबलावर हास्याचा स्फोट झाला. एकाने रुमाल तोंडात कोंबला होता, तो काढून डोळे पुसले. मी ओरडले की मी त्याला खरं काय ते सांगते, तर माझाही फोन दादाने ओढून घेतला.

सूप आलं, ते प्याले. पुढचं जेवण आलं. मध्येच कोणीतरी दुर्बीण लावायचं आणि सांगायचं की अजून आहे, हललेला नाही, आता जॅकेटची टोपी ओढली, तिकडे पाऊस असावा. मग दुसरा फोन आला. ह्या वेळी माझ्या नवऱ्याचा आवाज कापत होता. थंडीने असेल. म्हणाला की वहिनींचा फोन वाजतोय पण उचलत नाहीत, मी मागे जाऊन बघून येऊ का.

दादा म्हणाला, "कोपरा सोडलास तर पुढच्या उन्हाळ्याचं विसर."

ठीक आहे म्हणून माझ्या नवऱ्याने फोन ठेवला.

तेव्हा मी म्हटलं, अरे मेल्यांनो, वहिनी खरंच कुठे आहे? जुना रस्ता लांबचा असला तरी एवढा नाही. तिचं ताट झाकून ठेवलंय तुम्ही. दादा म्हणाला, ती वाटेत फोटो काढत बसते, तुला माहीत नाही का. डॉक्टर म्हणाला, तीसुद्धा कुठूनतरी खांबाकडे बघून हसत असेल. पुन्हा हशा. मी तिला फोन लावायला सांगितलं, तर दादाने लावला, उचलला नाही, आणि बघितलंस, गाडी चालवतेय, असं म्हणून बडीशेप तोंडात टाकली.

तिसरा फोन आला तेव्हा दादाला जेवणाची सुस्ती आली होती. तरी स्पीकर लावला. माझा नवरा म्हणाला, "दादा, वहिनींना काहीतरी झालंय. एवढा वेळ माणूस मागे राहत नाही. तुम्ही तरी कोणाला पाठवा." तो जवळजवळ रडत होता. आणि माझा भाऊ पोट धरून हसला, आवाज फुटू नये म्हणून उशी दाबावी तसा हात तोंडावर दाबून. मग खाकरून म्हणाला की शेपूट येईपर्यंत उभं राहायचं, नियम म्हणजे नियम.

वकील तेवढा हसायचा थांबला होता. खुर्चीवर टाकलेल्या दादाच्या जॅकेटातून त्याने किल्ली काढली आणि टेबलाखालून माझ्या हातात दिली. मी पळत सुटले.

खाली ढग उतरले होते. फाट्यावर पोचले तर माझा नवरा आलेल्या रस्त्याकडे तोंड करून उभा, ओठ निळे पडलेले, आणि जीप दिसताच त्याने हात वर करून मला वाट दाखवली. सवयीने. मी काच खाली करून एका दमात सांगितलं की ही सगळी थट्टा होती, वहिनी जुन्या रस्त्याने गेली, ती इथे येणारच नव्हती. मला वाटलं आता हा मोडून पडेल. पण त्याच्या डोक्यात ते शिरलंच नाही, म्हणजे थट्टेचं. त्याने एवढंच विचारलं की वहिनी वर पोचल्या का. मी नाही म्हटलं. तसा तो गर्रकन वळला आणि इतका वेळ ज्या दरीकडे त्याची पाठ होती तिच्या पलीकडे बघायला लागला. समोरच्या अंगावर जुन्या रस्त्याचा एक तुकडा दिसत होता. त्यावर काहीतरी लाल आडवं पडलं होतं.

जुन्या रस्त्यावर दरडीपर्यंत जीप नेली आणि पुढे पळत गेलो. वहिनी शुद्धीत होती. खडीवर गाडी घसरून तिच्या पायावर पडली होती आणि फोन उडून खाली दरीत कुठेतरी गेला होता. ह्याने एकट्याने गाडी उचलली. मी तिला ओढून बाहेर काढलं, पायाकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. तिचा आवाज गेला होता. दवाखान्यापर्यंत पूर्ण वाटभर ती माझ्या नवऱ्याकडे एकटक बघत होती. तिला दुखत असेल असं मला वाटलं.

पाय गुडघ्याखालून कापावा लागला. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की तासभर आधी आणलं असतं तर बहुधा वाचला असता. कंपू सगळा तिथे होता, दाताचा डॉक्टरही, भिंतीला टेकून. कोणी कोणाकडे बघितलं नाही. मग दादा उठला आणि माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला कॉफीच्या मशीनपाशी घेऊन गेला. इतक्या वर्षांत त्याने ह्याच्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता. बराच वेळ दोघं तिथे होते.

काय बोलणं झालं ते मला कळलं वहिनी बोलायला लागली त्या दिवशी. आम्ही तिला बघायला गेलो होतो. खोलीबाहेर थांबलो असताना माझा नवरा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला की दादांनी विचारलंय, पुढच्या उन्हाळ्यात येणार ना म्हणून. त्याचा चेहरा उजळला होता. दवाखान्याच्या त्या बोळात, फिनेलच्या वासात, उजळला होता. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाला की फक्त त्या फोनांचं वहिनींना सांगायचं नाही, त्यांना उगाच त्रास होईल, दादा म्हणाले.

वहिनी उशांना टेकून बसली होती. पांघरुणाखाली एका बाजूला काही नव्हतं. दादा खिडकीपाशी उभा. तिने मला बस म्हटलं नाही. सरळ माझ्या नवऱ्याशी बोलली.

"भाऊजी, तुम्ही मला दिसत होतात," ती म्हणाली. "तुमचं ते भगवं जॅकेट. मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. पाठ करून उभे होतात तुम्ही माझ्याकडे."

तो म्हणाला, वारा होता, ऐकू आलं नाही.

"मी येत नाही म्हणून कोणाला एक फोन तरी करायचात."

मी दादाकडे बघितलं. तो खिडकीची कडी बघत होता, जणू ती दुरुस्त करायला बोलावलं होतं त्याला. आणि माझा नवरा, जो आजवर गिऱ्हाइकाला चष्म्याच्या नंबराबद्दलसुद्धा खोटं बोललेला नाही, खाली बघून म्हणाला, "रेंज नव्हती."

वहिनीने दादाला सांगितलं की ह्या माणसाला माझ्यासमोरून ने. तेव्हा माझा भाऊ पलंगापाशी आला, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे. नवीन आहे तो."

मग मात्र माझ्याच्याने राहवलं नाही. मूग गिळून बसणाऱ्यातली मी नाही. मी सांगितलं. तीन फोन आले वहिनी. तुझ्या नवऱ्याने स्पीकर लावला होता. ह्याने मागे जाऊन बघू का विचारलं, तर कोपरा सोडलास तर विसर असं दादानेच सांगितलं. ह्याने कोणाला तरी पाठवा म्हणून विनवलं. आणि टेबलावर जेवण चाललं होतं, तुझं ताट झाकून ठेवलं होतं. मी किल्ली मागत होते ती माझ्या डोक्यावरून फेकत होते. सगळं सांगितलं, काही शिल्लक ठेवलं नाही. दादा मध्येच म्हणाला की हिला वेड लागलंय, पण आवाजात जोर नव्हता.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "तू हसत होतास?"

"सगळेच हसत होते," दादा म्हणाला.

तिने त्याचा हात कपाळावरून काढला आणि पांघरुणावर ठेवला. मी माझ्या नवऱ्याचा दंड धरून त्याला बाहेर आणलं.

मला वाटलं होतं त्याच्या छातीवरचा दगड उतरेल. उगाच कोणाच्या पापाचं ओझं घेऊन हिंडायचं कशाला. मी त्याला तसं म्हणालेसुद्धा. त्याने दंड सोडवून घेतला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मला वाटलं हा वहिनीच्या पायासाठी रडतोय.

"आता नेतील का ते मला?" तो म्हणाला. "दोन वर्षं घातली मी. हो म्हणाले होते ते. तुला काय मिळालं बोलून?"

मी म्हटलं, अरे, त्यांनी तुला तिथे गोठत उभं केलं, बाईचा पाय गेला आणि तो तुझ्या गळ्यात अडकवत होते. तो म्हणाला, मला माहीत आहे. सगळं माहीत आहे. मी फाट्यावरच ओळखलं होतं, तिसऱ्या फोनला, मागे कोणीतरी हसल्याचं ऐकू आलं होतं. मला एवढंच कळत होतं की उभं राहायचं.

तो बाहीने तोंड पुसून परत त्या खोलीच्या दाराशी गेला. दार अर्धं उघडं होतं. त्याने टकटक केलं, आत पाऊल टाकलं आणि मला स्पष्ट ऐकू आलं.

"वहिनी, हिचं मनावर घेऊ नका. मी फोन केला नव्हता. दादांचं काही चुकलं नाही."

मी जिन्याने खाली उतरले आणि जीप घेऊन एकटी घरी आले.